तिकीट कापण्याआधीचा सर्व्हे: घ्यावा का, आणि घेतलाच तर काय मागून घ्यावं

निवडणुकीला आठ-नऊ महिने उरले की पक्षांच्या प्रदेश कार्यालयांत जाड बांधणीचे अहवाल येऊ लागतात. आतला विषय एकच असतो: विद्यमान आमदार किंवा खासदार कमजोर झालाय, त्याला पुन्हा उभं करायचं की बदलायचं? सर्व्हे करणाऱ्या कंपन्या हे काम मतदारसंघनिहाय विकतात. घेणारा कधी पक्ष असतो, कधी खुद्द आमदार, तर कधी तिकिटावर डोळा असलेला इच्छुक. हा आढावा कुठल्या एका कंपनीचा नाही. या सेवेत साधारणपणे काय मिळतं, त्यातलं कामाचं किती आणि नुसती कागदभरती किती, हे इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. ‘आमदारावर लोक नाराज आहेत का’ याचं उत्तर ही सेवा बऱ्यापैकी देते. पण त्यासाठी पैसे मोजायची गरज नसते, ते चहाच्या टपरीवरही कळतं. ‘बदलला तर जागा येईल का’ या खऱ्या प्रश्नावर बहुतेक अहवाल गप्प असतात. तो प्रश्न विचारून घेतला नाही, तर अहवाल घेऊ नये.

हे दोन प्रश्न वेगळे का, ते महाराष्ट्राच्या २०२४ च्या लोकसभा निकालात नीट दिसतं. भाजपने राज्यात २८ जागा लढवल्या आणि ९ जिंकल्या. आपल्याच ज्या विद्यमान खासदारांना पक्षाने त्याच जागेवर पुन्हा उभं केलं, ते १५ होते. त्यांतले निवडून आले दोन: नागपूरमधून नितीन गडकरी आणि रावेरमधून रक्षा खडसे. जालना, धुळे, अहमदनगर, सांगली, वर्धा, नांदेड, माढा, दिंडोरी, लातूर, सगळीकडे जुना चेहरा पडला. एवढंच पाहिलं तर ‘सरसकट बदलायलाच हवे होते’ असं म्हणावंसं वाटतं. पण जिथे आपला खासदार बाजूला केला त्या सात जागाही पाहा. जळगाव, अकोला आणि उत्तर मुंबई आल्या. सोलापूर, बीड, ईशान्य मुंबई आणि उत्तर मध्य मुंबई गेल्या. आलेल्या तिन्ही जागा पक्षाचे जुने बालेकिल्ले. उत्तर मुंबईत गोपाळ शेट्टींच्या जागी पीयूष गोयल आले, पण शेट्टी असते तरी ती जागा धोक्यात होती असं कोणी म्हणणार नाही. जिथे लढत खरोखर अटीतटीची होती, तिथे नवा चेहरा पुरला नाही. बीडमध्ये ६,५५३ मतांनी, उत्तर मध्य मुंबईत १६,५१४ मतांनी जागा हातची गेली.

ईशान्य मुंबई तर या विषयातला धडाच आहे. २०१९ मध्ये किरीट सोमय्यांचं तिकीट कापून मनोज कोटक यांना दिलं आणि जागा सव्वादोन लाखांच्या फरकाने आली. २०२४ मध्ये कोटक यांनाही बदलून मिहीर कोटेचा यांना आणलं आणि जागा २९,८६१ मतांनी गेली. मानखुर्द-शिवाजीनगर या एकाच विधानसभा क्षेत्रात विरोधकांना इतकी आघाडी मिळाली की बाकीच्या पाच क्षेत्रांची बेरीज तिने खाऊन टाकली. तिथला मतदार कोटक की कोटेचा हे पाहून मत देत नव्हता, त्याची नाराजी चिन्हावर होती. सर्व्हेने नेमकं हे वेगळं करून दाखवायचं असतं: माणसावरचा राग किती आणि पक्षावरचा किती.

प्रश्नावली: सगळा जीव इथे आहे

बाजारातल्या सर्वसाधारण प्रश्नावलीत वीस-पंचवीस प्रश्न असतात. रस्ते, पाणी, वीज, आमदार भेटतात का, कामं करतात का, दहापैकी किती गुण द्याल. यातले अर्धे प्रश्न वाया जातात. आमदाराला दहापैकी चार गुण देणारा माणूस त्यालाच मत देऊन येतो, कारण समोरच्याला तो तीन देतो. कामाचे हवेत ते पुढचे चार प्रश्न, आणि तेही मुलाखतीच्या सुरुवातीला. आधी रस्त्याच्या खड्ड्यांवर पाच मिनिटं बोलायला लावलं की माणूस चिडतो आणि मताचं उत्तर बिघडतं.

पहिला: पक्ष हाच, उमेदवार हेच, तर मत कोणाला? दुसरा: पक्ष हाच, उमेदवार अमुक, तर? तिसरा: उमेदवार हेच, पण दुसऱ्या पक्षाकडून उभे राहिले, तर? चौथा: पक्षाने नवा माणूस दिला आणि हे अपक्ष उभे राहिले, तर? उत्तर तोंडी घेण्यापेक्षा चिन्हं छापलेली चिठ्ठी देऊन बंद डब्यात टाकायला लावावी. गावात दहा माणसं भोवती उभी असताना कोणी खरं बोलत नाही.

समजा, पहिल्या प्रश्नाला आपल्याला शंभरात ३८ आणि विरोधकाला ४२ मिळतात. दुसऱ्या प्रश्नाला आपले ४४ झाले, तर राग माणसावर आहे आणि बदलण्यात अर्थ आहे. तिथे ३९ च आले, तर राग पक्षावर आहे. अशा वेळी तिकीट कापून हाती काहीच येत नाही, उलट एक नाराज गट पदरात पडतो. आणि चौथ्या प्रश्नाला आमदार अपक्ष म्हणून ९ घेऊन गेले व आपले ४४ चे ३६ झाले, तर आधी त्याला शांत कसं करायचं ते ठरवावं, नवं नाव त्यानंतर जाहीर करावं.

तिसरा आणि चौथा प्रश्न बहुतेक तयार प्रश्नावल्यांत नसतो. विद्यमान आमदाराच्या कानावर ‘तुम्ही अपक्ष राहिलात तर’ असा प्रश्न गेला की बोभाटा होतो, म्हणून कंपन्या तो टाळतात. अडचण खरी आहे. पण प्रश्न टाळल्याने अपक्ष उमेदवार टळत नाही.

दुसऱ्या प्रश्नात आणखी एक गफलत होते. नवं नाव लोकांना माहीतच नसतं, त्यामुळे ‘सांगता येत नाही’ हा आकडा फुगतो, आणि अहवालात तो नव्या माणसाच्या विरोधात धरला जातो. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक इच्छुकाची दोन ओळींची ओळख, सारख्याच लांबीची, सगळ्यांना वाचून दाखवायची. निम्म्या फॉर्मवर नावांचा क्रम उलटा ठेवायचा. तरीही ‘सांगता येत नाही’ वेगळं छापायला लावा. ते कुठे वळेल हे प्रचारावर ठरतं.

नमुना: हजार माणसं म्हणजे हजार नव्हे

महाराष्ट्रात विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी साडेतीन लाखांच्या आतबाहेर मतदार आणि साडेतीनशेच्या आसपास मतदान केंद्रं असतात. कंपनी सांगते, ‘हजार जणांचा नमुना, तीन टक्के इकडेतिकडे.’ हजार माणसं साऱ्या मतदारसंघातून चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तर हे खरं. प्रत्यक्षात खर्च वाचवायला ५० बूथ निवडतात आणि प्रत्येक ठिकाणी २० घरं गाठतात. एका वस्तीतले वीस शेजारी बरेचसे एकसारखंच मत देतात. त्यामुळे त्या हजारांची खरी किंमत साधारण पाचशेची होते आणि चूक चार-साडेचार टक्क्यांवर जाते. तेच हजार १०० बूथांवर दहा-दहा असे पसरले तर चूक साडेतीन-पावणेचार टक्क्यांवर येते. फॉर्म तेवढेच, प्रवासखर्च जास्त, पण घासाघीस करताना हा खर्च कापू नये. माणसं कमी करा, बूथ कमी करू नका.

बूथ निवडताना जिल्हा परिषद गटानुसार किंवा शहरात प्रभागानुसार वाटणी झालीय का, ते पाहा. तालुक्याच्या गावाजवळचे, गाडीरस्त्यावरचे बूथच यादीत दिसले तर समजावं की पाडे आणि वाड्या सुटल्या. घरं मतदारयादीतून ठरावीक अंतराने निवडलेली हवीत. चौकात उभ्या असलेल्या पोरांना गाठून भरलेले फॉर्म म्हणजे बेरोजगार तरुणांचा सर्व्हे. बायकांच्या मुलाखती बायकांनीच घेतलेल्या हव्यात, नाहीतर घरातला पुरुष उत्तरं देतो आणि फॉर्मवर बाईचं नाव पडतं. मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या आवाजात ‘एक दाबा, दोन दाबा’ विचारणारा सर्व्हे स्वस्त पडतो, पण नंबर घरातल्या पुरुषाच्या नावावर असतो आणि म्हातारी माणसं फोन ठेवून देतात. दिशा कळायला तो ठीक आहे, तिकीट कापायला नाही.

मागच्या निवडणुकीचे बूथनिहाय आकडे, म्हणजे फॉर्म २०, अहवालाला जोडलेले असतात. ते निवडणूक यंत्रणेकडून उपलब्ध होतात, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. पैसे द्यायचे ते जुळवाजुळवीचे. दोन निवडणुकांच्या दरम्यान मतदान केंद्रांची फेररचना होते, क्रमांक सरकतात. मागचा बूथ १४२ म्हणजे आताचा १४२ असं धरून काढलेला तक्ता सगळाच चुकतो. जुळणी यादीतल्या वस्त्या आणि गल्ल्यांच्या नावांवरून व्हायला हवी. अहवालातले कोणतेही पाच बूथ उचला आणि बूथप्रमुखाला दाखवा, पाच मिनिटांत कळतं.

फसवणूक कुठे होते

पहिली जागा म्हणजे लॉज. पोरं गावात न जाता खोलीत बसून फॉर्म भरतात. असे फॉर्म ओळखू येतात: सगळ्या मुलाखती सहा-सात मिनिटांच्या, ‘सांगता येत नाही’ जवळपास शून्य, आणि एकामागून एक फॉर्मवर त्याच क्रमाची उत्तरं. करारातच लिहून घ्यावं की प्रत्येक मुलाखतीचं ठिकाण आणि वेळ मोबाइलवर नोंदली जाईल, काही भागाचा आवाज ध्वनिमुद्रित होईल (समोरच्याला सांगून), आणि दहा टक्के घरांना दुसरा माणूस पुन्हा भेटेल. पक्षाच्या हाती येणाऱ्या फाइलीत मतदारांची नावं आणि फोन नंबर नसावेत. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं मत गावच्या पुढाऱ्याच्या हाती पडणं हा त्यांच्याशी द्रोह आहे.

दुसरी जागा म्हणजे बातमी फुटणं. सर्व्हेवाले तालुक्यात उतरल्याचं आमदाराच्या स्वीय सहायकाला संध्याकाळपर्यंत कळतं. मग निवडलेल्या गावांत त्याची माणसं आधी पोहोचतात. इच्छुकही तेच करतात. म्हणून बूथांची यादी काम सुरू होईपर्यंत जिल्ह्यात कोणालाच देऊ नये, आणि एका बूथचं काम एका दिवसात उरकावं.

तिसरी बाब पैशाच्या उगमाची. इच्छुकाने स्वतः करवून घेतलेला अहवाल पक्षाने पुरावा म्हणून स्वीकारू नये. त्यात आकडे खोटे असायचीही गरज नसते. कोणतं नाव कोणाच्या समोर ठेवून विचारलं, एवढ्यावर निकाल फिरतो.

‘जातीचं गणित’ नावाचं प्रकरण हमखास असतं आणि सर्वांत कमी भरवशाचं असतं. मतदारयादीत जात नसते. आडनावांवरून काढलेल्या टक्केवारीला दशांश चिन्ह लावून छापलं म्हणून ती अचूक होत नाही. एकच आडनाव तीन-चार समाजांत सापडतं.

वेळ: या सेवेची सर्वांत मोठी मर्यादा

जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला तेव्हा महायुतीला ४८ पैकी १७ जागा होत्या. त्या निकालाची विधानसभा क्षेत्रनिहाय आघाडी काढून कितीतरी आमदार ‘धोक्यात’ ठरवता आले असते. त्याच पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली, महिलांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये जमा होऊ लागले. २० नोव्हेंबरला मतदान झालं आणि महायुती २८८ पैकी २३० वर गेली. भाजपने बहुतेक जुने आमदारच उभे केले होते आणि १३२ जागा मिळवल्या. जूनच्या आकड्यांवर तिकिटं कापली असती तर ती चूक ठरली असती. म्हणून एकाच फेरीचा अहवाल घेऊ नये. मोठी फेरी सहा महिने आधी, आणि तेच बूथ, तेच प्रश्न घेऊन छोटी फेरी अर्ज भरण्याच्या तीन-चार आठवडे आधी. दोन्ही फेऱ्यांतला फरक एकेका आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

उशीरही तितकाच मारक. हिंगोलीत २०२४ ला शिंदे यांच्या शिवसेनेने विद्यमान खासदार हेमंत पाटील यांचं नाव जाहीर केलं आणि अर्जाची मुदत संपता संपता ते मागे घेऊन बाबूराव कदम कोहळीकर यांना दिलं. शेजारच्या यवतमाळ-वाशिममध्ये भावना गवळींना बाजूला करून राजश्री पाटील यांना उभं केलं. दोन्ही जागा गेल्या. उत्तर मध्य मुंबईत पूनम महाजन यांच्या जागी उज्ज्वल निकम यांचं नाव एप्रिलच्या शेवटी आलं आणि मतदान २० मे रोजी होतं. तीन-साडेतीन आठवड्यांत सहा विधानसभा क्षेत्रं पायाखालून घालणं कोणालाही जमत नाही. उलट जळगावात २०१९ ला भाजपने आधी स्मिता वाघ यांचं नाव घेऊन मग उन्मेष पाटील यांना दिलं तरी जागा चार लाखांवर फरकाने आली. म्हणजे गोंधळ पचवायची ताकद मतदारसंघात असते, सर्व्हेत नव्हे.

कापलेल्या माणसाचं पुढे काय

सेवा म्हणून पाहिलं तर इथे सगळेच अहवाल कोरे असतात. पण बदलाचा निर्णय इथेच तरतो किंवा बुडतो. २०१९ च्या विधानसभेला भाजपने एकनाथ खडसे, विनोद तावडे, चंद्रशेखर बावनकुळे, प्रकाश मेहता, राज पुरोहित, मेधा कुलकर्णी अशी मोठी नावं थांबवली. कोथरूड आली, पण ६४ हजारांवरचं मताधिक्य २५ हजारांच्या आसपास उतरलं. कामठी आली, फरक ४० हजारांवरून ११ हजारांवर. मुक्ताईनगरमध्ये खडसेंच्या कन्येला उमेदवारी देऊनही १,९५७ मतांनी हार झाली. हरवणारा होता मित्रपक्षातला बंडखोर. सर्व्हेत त्याचं नाव विचारलं जायला हवं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. प्रश्नावलीत विरोधी पक्षाबरोबर मित्रपक्षातल्या इच्छुकांचीही नावं घालायला सांगा.

ज्यांना पुढे मानाने जागा दिली ती माणसं टिकली. बावनकुळे विधान परिषदेवर गेले, प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ ला कामठीतून पुन्हा निवडून आले. मेधा कुलकर्णी राज्यसभेवर गेल्या. खडसे मात्र २०२० मध्ये पक्ष सोडून गेले. कर्नाटकात २०२३ ला जगदीश शेट्टर तिकीट नाकारल्यावर काँग्रेसमध्ये गेले आणि हुबळी-धारवाड मध्यमधून स्वतः पडले. लक्ष्मण सवदी त्याच वाटेने गेले आणि अथणीतून मोठ्या फरकाने जिंकले. दोघांतला फरक कळतो तो तिसऱ्या प्रश्नाने: मतं माणसाची की चिन्हाची?

गुजरातचं उदाहरण प्रत्येक अहवालाच्या प्रस्तावनेत असतं. तिथे २०२२ ला भाजपने पहिल्या १६० जणांच्या यादीतच ३८ आमदार वगळले आणि १८२ पैकी १५६ जागा जिंकल्या. दिल्लीच्या तिन्ही महापालिकांत २०१७ ला तर सगळेच नगरसेवक बदलले आणि सत्ता राखली. पण या दोन्ही ठिकाणी मतदार वरच्या नेत्याकडे पाहून मत देत होता आणि बंडखोराला जायला भक्कम घर नव्हतं. महाराष्ट्रात आज दोन शिवसेना आहेत, दोन राष्ट्रवादी आहेत. कापलेल्या माणसाला रात्रीतून एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, देणारा कोणीतरी भेटतोच. गुजरातचा हिशेब इथे जसाच्या तसा चालत नाही.

नव्या चेहऱ्याची टवटवीही फार काळ राहत नाही. लातूरला २०१९ मध्ये सुनील गायकवाड यांच्या जागी सुधाकर शृंगारे आले आणि मोठ्या फरकाने जिंकले. पाच वर्षांनी तेच शृंगारे विद्यमान म्हणून उभे राहिले आणि ६० हजारांहून अधिक मतांनी पडले. दिंडोरीत हरिश्चंद्र चव्हाण यांच्या जागी आणलेल्या भारती पवार यांचंही तेच झालं. उलट कसब्यात हेमंत रासने २०२३ ची पोटनिवडणूक १०,९१५ मतांनी हरले, सर्वांनी त्यांना कमजोर ठरवलं, पक्षाने पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच दिलं आणि त्यांनी जागा परत आणली.

पैसे देण्याआधी

खर्चाची एक बाब लक्षात ठेवा. अर्ज भरल्यानंतर उमेदवाराने करवून घेतलेला सर्व्हे त्याच्या खर्चाच्या हिशेबात येतो, आणि विधानसभेला ती मर्यादा ४० लाखांची आहे. त्याआधीच काम संपवा. बिलाचा शेवटचा हप्ता मूळ फाइल, म्हणजे प्रत्येक मुलाखतीची ओळ, हाती आल्याशिवाय देऊ नका. रंगीत आलेखांवर समाधान मानू नका.

आणि बदल करायचंच ठरलं, तर कागदपत्रांचा भाग कंपनीच्या भरवशावर सोडू नका. बी फॉर्म शाईच्या मूळ सहीचा लागतो, छायाप्रत चालत नाही, आणि तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचलेला असावा लागतो. आधी एकाला दिलेला फॉर्म रद्द करून दुसऱ्याला द्यायचा असेल, तर ते पत्रही त्याच वेळेच्या आत. तीननंतर चूक दुरुस्त होत नाही. याच फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचं नाव लिहायची सोय असते, ज्याला आपण डमी म्हणतो. तिथे कोणाचंही नाव टाकून मोकळं होऊ नका. रामटेकमध्ये २०२४ ला काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचा अर्ज जात प्रमाणपत्रावरून छाननीत बाद झाला. पर्यायी म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज व्यवस्थित भरलेला होता. समोर, विद्यमान खासदार कृपाल तुमाने यांना बदलून शिवसेनेने आणलेले राजू पारवे उभे होते. श्यामकुमार बर्वे ७६ हजारांवर मतांनी निवडून आले. तेव्हा सर्व्हेत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या नावाची मतदारयादीतली नोंद, जात वैधता आणि शपथपत्र पहिल्या नावाइतक्याच काळजीने, अर्जाच्या आठवडाभर आधी तपासून ठेवा.